खांब लाकडाचा की लोखंडाचा?



आगोटीचे दिवस आले की कोकणातल्या घरात कामांची रांग लागते. घराची शाकारणी, लाकूडफाटा पडवीत रचणे, गोठ्याच्या वळचणीला झड लावणे, मिरगाच्या आधी भाताचे बी तयार ठेवणे. अलीकडे या यादीत आणखी एका कामाची भर पडली आहे, ती म्हणजे अंगणातल्या खांबाची. पूर्वी हा खांब दूरदर्शनच्या अँटिनासाठी असे. आता त्यावर छत्री असते, नाहीतर वायरलेस इंटरनेटची डबी. यंत्र कोणतेही असो, ते उंच धरून ठेवणारा खांब भक्कम असावा लागतो, आणि त्याचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाचकांचे पत्र आले आहे. ते लिहितात, “आमची वाडी खोऱ्यात आहे. फोनला रेंज नाही. गेल्या भाद्रपदात आईच्या छातीत दुखू लागले, तेव्हा १०८ ला फोन करण्यासाठी थोरल्या मुलाला अर्धा तास सडा चढावा लागला. आई वाचली, पण त्या अर्ध्या तासाची आठवण जात नाही. इंटरनेटवाल्याने येऊन पाहिले. घराजवळ २० फुटी खांब उभारून त्यावर डबी बसवली, तर समोरच्या टॉवरची सरळ रेषा मिळते म्हणतो. बाबा म्हणतात, परसात सागाचे वासे पडून आहेत, त्यातला एक रोवा, पैसे कशाला घालवता? मुंबईचा धाकटा भाऊ म्हणतो, लोखंडी पाईपच घ्या. घरात दोन तट पडले आहेत. तुम्ही निवाडा करा.”

निवाडा करायला मला अंग आहे, कारण या बाबतीत मी स्वतः एकदा फसलो आहे. माझ्या अंगणात अँटिनासाठी मी सुरूचा सरळसोट खांब रोवला होता. फुकट मिळाला म्हणून खुशीत होतो. तिसऱ्या पावसाळ्यात, वारा फारसा नसताना, तो जमिनीलगत काकडीसारखा मोडला आणि गोठ्याच्या कौलांवर पडला. आतली पाडी हातभर अंतराने वाचली. मोडलेले टोक पाहिले तर बाहेरून लाकूड दिसायला ठीक, आत वाळवीची माती. तेव्हापासून खांबाचा विषय निघाला की मी आधी खाली पाहतो, मग वर.

आधी विचारा, खांब हवा का?

लाकूड की लोखंड हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की, इतका उंच खांब खरोखर लागतो का?

दूरदर्शनच्या छत्रीला उंची लागत नाही. तिला लागते मोकळे आभाळ. ज्या उपग्रहांकडे ती पाहते, ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत. आपल्याकडे बहुतेक छत्र्या आग्नेयेकडे, बऱ्यापैकी वर तोंड करून बसवतात. त्या बाजूला माड, आंबा किंवा फणस आड येत नसेल, तर छत्री जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवरही तेच काम करते. तिला २० फुटांवर चढवणे म्हणजे वाऱ्याला निमंत्रण देणे आणि दुरुस्तीच्या वेळी माणूस वर चढवणे.

फोनचा आणि वायरलेस इंटरनेटचा प्रकार वेगळा. त्यांचा टॉवर जमिनीवर, कुठल्या तरी सड्यावर असतो. त्या लहरी बहुतांशी सरळ जातात. मध्ये डोंगराची सोंड आली, दाट राई आली, की त्या अडतात किंवा क्षीण होतात. इथे उंचीचा उपयोग होतो. पण किती उंचीचा होतो, हे अंदाजाने ठरवू नका. एक बिनखर्चाची युक्ती सांगतो. लांब बांबूच्या टोकाला एक फोन पिशवीत घालून घट्ट बांधा. त्याचे हॉटस्पॉट चालू ठेवा. खाली दुसरा फोन त्याला जोडा आणि बांबू हळूहळू उंच करा. दहा फुटांवर इंटरनेट चालू लागले, तर २० फुटांचा खांब कशाला? आणि २० फुटांवरही काही मिळाले नाही, तर खांब लाकडाचा असो वा सोन्याचा, पैसा पाण्यात. अंगणाच्या चार कोपऱ्यांत, घराच्या मागे, बागेच्या बांधावर अशी परीक्षा घ्या. कधी कधी दहा पावले सरकल्याने जे मिळते, ते दहा फूट चढून मिळत नाही. बांबू फिरवताना मात्र विजेच्या तारा जवळपास नाहीत, हे आधी पाहा.

वाडीपर्यंत फायबरची तार आली असेल, तर खांबाच्या भानगडीत पडूच नका. आणि फोनची रेंज वाढवतो म्हणून कोणी परवानगी नसलेला ‘बूस्टर’ विकू लागला, तर तो घेऊ नका. असा बूस्टर खासगीरीत्या बसवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि तो आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांच्या फोनमध्ये बिघाड करतो.

तारेच्या खांबांची जुनी कथा

लाकूड की लोखंड, हा वाद आपल्या अंगणातला नवा असला तरी देशात तो पावणेदोनशे वर्षांचा आहे. कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर ओ’शॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्यात तारायंत्राचे प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारेची ओळ सुरू झाली आणि पुढच्या तीनचार वर्षांत मुंबई, आग्रा, मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. सुरुवातीच्या त्या ओळींना बांबू आणि लाकडाचे खांब होते. विलायतेत जे लाकूड वर्षानुवर्षे टिकते, त्याला इथे दोन शत्रू भेटले, एक पावसाळा आणि दुसरी वाळवी. माकडे तारांवर झोके घेत, ते निराळेच. म्हणून हळूहळू लोखंडी नळीचे खांब आले. ती तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण वाळवीने दिलेला धडा अजून जुना झालेला नाही.

मग लाकूड टाकाऊ ठरले का? मुळीच नाही. अमेरिकेत आजही विजेचे आणि फोनचे बहुसंख्य खांब लाकडाचेच आहेत आणि ते ४०-४० वर्षे उभे राहतात. त्यातली मेख अशी की ते लाकूड कच्चे नसते. मोठ्या टाकीत घालून, दाब देऊन, त्याच्या आतपर्यंत औषध मुरवलेले असते. अशा औषधांतले एक फार गाजलेले औषध आपल्याच माणसाने शोधले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि सोमल यांचे असे मिश्रण काढले की ते लाकडात मुरले की पावसाने धुऊन जात नाही. जगभर कोट्यवधी खांब त्या औषधावर टिकले.

तेव्हा खरा मुकाबला लाकूड आणि लोखंड यांच्यात नाही. मुकाबला आहे राखलेल्या खांबात आणि न राखलेल्या खांबात. हे एकदा पटले की पुढचे सोपे आहे.

लाकडाचे गुणदोष

लाकूड घरचे असते. खारी हवा त्याला गंजवत नाही. कोरडे असेपर्यंत ते विजेला सहज वाट देत नाही. कापता, तासता, भोक पाडता येते आणि त्यासाठी वेल्डरच्या मागे लागावे लागत नाही. वजनाच्या मानाने ते ताकदीला कमी नाही. जमिनीलगत चार इंच जाडीचा निकोप सागाचा वासा एखादी डबी किंवा छोटी छत्री सहज पेलतो.

पण ‘निकोप’ हा शब्द महत्त्वाचा. लाकूड कुजते कुठे? वर टोकाला थोडे, आणि सर्वांत जास्त जमिनीच्या वरखाली वीतभर. खोल मातीत हवा कमी, वर हवेत ओल कमी. जिथे हवा आणि ओल दोन्ही भेटतात, तिथे बुरशीचा संसार थाटतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे त्या वीतभर जागेला चार महिने सुट्टी नाही. आणि वाऱ्याचा सगळा जोर येऊन पडतो तोही नेमक्या त्याच जागी.

आता एक हिशेब ध्यानात ठेवा. गोल खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाने बदलते. १० सेंटिमीटर जाडीचा वासा चहूबाजूंनी फक्त एक सेंटिमीटर कुजला, तर उरतो ८ सेंटिमीटरचा. डोळ्यांना तो जवळजवळ तेवढाच दिसतो, पण त्याची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते. माझा सुरूचा खांब वारा नसताना का मोडला, याचे उत्तर हेच.

सगळे लाकूड सारखे नसते. सागाचा पिकलेला गाभा वाळवीला दाद देत नाही, पण कोवळ्या सागाच्या वाशात बाहेरचे पांढरे लाकूडच जास्त असते आणि ते वाळवी आनंदाने खाते. ‘साग आहे’ एवढ्यावर भुलू नका, आडवा काप पाहा. सुरू आणि पोफळ जमिनीत रोवायला कच्चे. माणगा बांबू आपल्या कोकणचाच, जवळजवळ भरीव आणि चिवट, पण औषध न दिलेला बांबूही मातीत एकदोन पावसाळ्यांचाच सोबती. बांबू परीक्षेसाठी आणि तात्पुरत्या कामासाठी ठेवा.

लाकडाचा आणखी एक दोष छत्रीवाल्यांनी ध्यानात घ्यावा. ओले लाकूड वाळताना पिळवटते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दोन फुटी छत्रीची नजर अवघी दोनतीन अंशांची असते. खांबाने किंचित मान वळवली की चित्र गेले. वायरलेसच्या डबीचेही तेच. जुन्या अँटिनाला हे चालून जाई, नव्या यंत्रांना चालत नाही.

आणि हो, परसातले झाड आपले असले तरी साग, ऐन, किंजळ, खैर अशी कित्येक झाडे आपल्या मालकीच्या जागेतलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पडून असलेला वासा वापरणे वेगळे, खांबासाठी उभे झाड पाडणे वेगळे.

उभ्या झाडालाच यंत्र बांधण्याची सूचनाही कोणी करतो. माडावर किंवा आंब्यावर अँटिना बांधलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण झाड वाऱ्यात डुलते, वाढते, ओल्या पानांनी लहरी शोषून घेते, आणि वर चढणाऱ्याचा पाय घसरला तर यंत्राची किंमत कोण विचारतो?

लोखंडाचे गुणदोष

लोखंडी पाईप सरळ असतो, पिळवटत नाही, वाळवी त्याला तोंड लावत नाही. दुकानात तो २० फुटी लांबीत मिळतो. पाईपवरचा रंगाचा पट्टा पाहायला शिका. पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा म्हणजे मध्यम, तांबडा म्हणजे जाड. खांबासाठी निदान निळ्या पट्ट्याचा घ्या. मध्यम जातीचा दीड इंची पाईप २० फुटांना सुमारे २१ किलो भरतो, दोन इंची सुमारे ३० किलो. वजन करून घेतले तर फसवणूक होत नाही.

लोखंडाचा शत्रू गंज, आणि आपल्याकडे त्याला समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचे पाठबळ. म्हणून काळा पाईप रंगवून लावण्यापेक्षा जस्त चढवलेला, म्हणजे जी. आय. पाईप घ्यावा. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पण जिथे वेल्डिंग केले, भोक पाडले किंवा पाईप कापला, तिथे जस्त जळते किंवा निघते. त्या प्रत्येक जागी घासून जस्ताचा रंग द्यायला विसरू नका. खांब गंजायला लागतो तो बहुधा अशाच जखमेपासून.

दुसरी जागा पाईपचे तोंड. वरचे टोक उघडे राहिले की पावसाचे पाणी आत उतरते, तळाशी साचते आणि पाईप आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पत्रा उरलेला! वर टोपी बसवा. चार आण्यांच्या टोपीसाठी शंभर रुपयांचा खांब घालवू नये, अशी जुनी माणसे म्हणत. भाव बदलले, हिशेब तोच.

तिसरी जागा जोड. दोन तुकडे आट्यांच्या सॉकेटने जोडून उंची गाठण्याचा मोह होतो. आटे पाडताना पाईपची जाडी कमी होते, आणि जोरदार वाऱ्यात खांब नेमका तिथेच वाकतो. जोड द्यायचाच तर एक पाईप दुसऱ्यात हात-दीड हात शिरवून, दोन ठिकाणी आरपार बोल्ट घालून द्यावा. विहिरीचा किंवा बोअरिंगचा जुना पाईप पडून असेल, तर तो हातोडीने टोकापासून टोकापर्यंत वाजवून पाहा. बद्द आवाज आला तर तो मांडवाला वापरा, खांबाला नको.

वाऱ्याचा हिशेब

३ जून २०२० चा दिवस दापोली-मंडणगडची माणसे विसरणार नाहीत. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले आणि त्याने आपल्या उत्तरेकडच्या तालुक्यांतल्या माडापोफळींच्या बागा झोपवल्या. विजेचे खांब हजारांनी पडले, त्यांत लोखंडाचे होते आणि सिमेंटचेही होते. कित्येक वाड्यांत दिवसचे दिवस फोन नव्हता. मुंबईतला चाकरमानी घरच्यांची खबर मिळेना म्हणून कासावीस, आणि घरचे कौले उडालेल्या घरात. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले.

अशा वाऱ्याचा जोर किती? ताशी १२० किलोमीटर वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ६८ किलोचा रेटा देतो. दोन फुटी छत्री, तिचा खोलगट आकार धरून, २५ किलोच्या आसपास ढकलली जाते. २५ किलो म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण पाच मीटर लांबीच्या पहारेच्या टोकाला २५ किलो लावले तर मोठा धोंडाही हलतो. इथे ती पहार म्हणजे तुमचा खांब आणि तो धोंडा म्हणजे त्याचा पाया. शिवाय खुद्द खांबावरही वारा असतोच.

जमिनीवर पाच मीटर उंच, आधाराशिवाय उभा, डोक्यावर दोन फुटी छत्री असा खांब धरला, तर माझ्या हिशेबाने त्या वाऱ्यात मध्यम जातीचा दीड इंची पाईप वाकतो. दोन इंची कसाबसा तगतो. छत्रीऐवजी फूटभराची डबी असेल तर दीड इंची पाईपही उभा राहतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की रेटा चौथाई होतो, म्हणून बाराही महिने ‘काही झाले नाही’ यावर भरवसा ठेवू नका. परीक्षा वादळाच्या दिवशी असते.

यावर स्वस्त उपाय ताणाच्या तारांचा. खांबाच्या दोनतृतीयांश उंचीवर कडे बसवून तीन दिशांना सारख्या अंतरावर तीन जी. आय. तारा ओढाव्यात. वायरमन त्यांना ‘स्टे’ म्हणतात. तारांची खालची टोके जमिनीत पक्की गाडलेल्या लोखंडी आकड्यांना बांधा, झाडांना नको. तारांना माणसाच्या उंचीवर पांढरी फडकी गुंडाळा, नाहीतर रात्री कोणाच्या तरी गळ्याला फास बसेल. घराच्या भिंतीचा आधार मिळाला तर उत्तमच. मात्र चिऱ्याच्या भिंतीत नुसते ठोकलेले बोल्ट काही दिवसांनी सैल पडतात. भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला जाड पट्टी द्यावी. वाशांना आणि कौलांच्या पट्ट्यांना खांब कधीही बांधू नये. वाऱ्यात तो छपरासकट निघतो.

रोवायचा कसा?

२० फुटी खांब जमिनीत निदान तीन-सव्वातीन फूट गेला पाहिजे. जांभ्यात पहारीने तेवढा खड्डा खणणे घाम काढते, म्हणून लोक दीड फुटावर ‘झाले’ म्हणतात. तिथेच चूक होते.

लोखंडी पाईपचा खड्डा दीड फूट चौरस घ्यावा, पाईप ओळंब्यात उभा करावा आणि एकास दोनास चार असे काँक्रीट भरावे. वरचे तोंड जमिनीपेक्षा चार बोटे उंच आणि उतरते ठेवावे, म्हणजे पाणी पाईपला चिकटून साचणार नाही. आठवडाभर पाणी मारावे आणि मगच यंत्र चढवावे. संध्याकाळी काँक्रीट आणि सकाळी छत्री ही घाई नडते.

लाकडी वाशाला काँक्रीटमध्ये गाडू नये. लाकूड आकसते, फट पडते, फटीत पाणी उतरते आणि ते बाहेर पडत नाही. वासा कुंडीत ठेवल्यासारखा कुजतो. त्यापेक्षा दोन लोखंडी चॅनेल किंवा जाड अँगल काँक्रीटमध्ये उभे गाडावेत, आणि वासा त्यांच्या मध्ये, जमिनीपासून वीतभर वर, दोन आरपार बोल्टांनी धरावा. लाकूड जमिनीला टेकतच नाही. पाणी निथळते, वाळवीला लपून चढता येत नाही, आणि वासा बदलायचा झाला तर दोन बोल्ट काढले की काम झाले. वरच्या टोकाला तिरका काप देऊन त्यावर पत्र्याची टोपी ठोकावी. सबंध वाशाची साल काढून, तो चांगला वाळवून, मगच त्याला तेल किंवा डांबर द्यावे. ओल्या लाकडावर डांबर फासणे म्हणजे ओल आत कोंडणे.

विजेशी खेळ नको

आता जे सांगतो ते लाकूडवाल्यांनी आणि लोखंडवाल्यांनी सारखेच ऐकावे. खांब मोडल्याने जितकी हानी होते, त्याहून मोठा घात खांब उभा करताना विजेच्या तारेला लागल्याने होतो. २० फुटी पाईप हातात धरून उचलताना वर कोणी पाहत नाही. टोक तारेला टेकले की धरलेली सगळी माणसे एकदम जातात. ओला बांबू किंवा ओला वासा असला तरी जीव वाचेल असे समजू नका. खांबाची जागा तारांपासून खांबाच्या लांबीच्या दीडपट दूर असावी, म्हणजे उद्या तो पडला तरी तारांवर पडणार नाही. तेवढी जागा नसेल तर खांब उभारू नये. वारा किंवा पाऊस असताना खांब उचलू नये. उचलणाऱ्यांखेरीज एक माणूस नुसता वर पाहायला उभा ठेवा.

आकाशातल्या विजेचे म्हणाल, तर आपल्याकडे ती मिरगाच्या आगेमागे आणि पुन्हा दसरा-दिवाळीच्या सुमारास जास्त चमकते. लाकडी खांबाला वीज टाळते असा समज आहे. तो खोटा. लाकडावर वीज पडली की आतल्या ओलीची एका क्षणात वाफ होते आणि खांब फुटतो. शिवाय यंत्राची तार वरून घरात आलेलीच असते. लोखंडी खांबाला निदान विजेला जमिनीत उतरवण्याची सोय करता येते, पण आर्थिंग केले तरच. जाणत्या वायरमनकडून खांबाला स्वतंत्र आर्थिंग करून घ्या. कातळावर, कोरड्या जांभ्यात आर्थिंग नीट लागत नाही. न्हाणीच्या पाण्याची किंवा विहिरीजवळची कायम ओलसर जागा त्यासाठी निवडावी. आणि गडगडाट सुरू झाला की यंत्राची पिन आणि वरून आलेली तार, दोन्ही काढून ठेवावीत. खांबाला गुरे बांधू नयेत, कपडे वाळत घालायची दोरीही बांधू नये.

मग निवाडा काय?

संगमेश्वरच्या आमच्या वाचकांना माझे सांगणे असे.

तुमचा खांब कायमचा आहे, त्यावर दिशा धरून ठेवणारी डबी बसायची आहे आणि तिच्यावर आईचा जीव अवलंबून आहे. तेव्हा लोखंड घ्या. निळ्या पट्ट्याचा, दोन इंची, जस्त चढवलेला एकसंध पाईप, काँक्रीटचा पाया, तीन ताण आणि आर्थिंग. धाकट्या भावाचे म्हणणे बरोबर आहे.

पण बाबांचेही चुकत नाही. वासा पिकल्या गाभ्याचा असेल आणि हातात पैसा कमी असेल, तर तो लोखंडी पायावर बोल्टांनी धरून, वर टोपी घालून उभा करा. ताण त्यालाही द्या. यंत्राची दिशा वर्षातून दोनदा तपासावी लागेल, एवढेच. वासा थेट मातीत रोवणे मात्र नको, ते पैसे वाचवणे नव्हे. खाडीच्या किंवा समुद्राच्या अगदी काठावर राहणाऱ्यांनीही असा वासा हलक्या यंत्रासाठी खुशाल वापरावा. तिथे खारी हवा साध्या पाईपला फार दिवस जगू देत नाही.

आणि एक काम दोघांनी मिळून करा. दर वर्षी आगोटीला आणि पुन्हा दिवाळीला खांबाची तपासणी. लाकडी असेल तर बोल्टांभोवती आणि तळाशी टोच्याने टोचून पाहा. टोचा सहज रुतला तर खांबाचे दिवस भरले. लोखंडी असेल तर बुंध्याशी हातोडीने वाजवा, गंज खरवडून रंग द्या, टोपी जागेवर आहे का पाहा. ताण हाताने ओढून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे.

गेल्या भाद्रपदात तुमच्या मुलाने सडा चढण्यात जो अर्धा तास घालवला, तो पुन्हा कोणाला घालवावा लागू नये म्हणून हा खांब आहे. आणि तो हाकेला नेमका उपयोगी पडायचा दिवस बहुधा वादळवाऱ्याचाच असतो. त्या दिवशी उभा राहील असाच खांब रोवा.

काम झाले की पत्राने कळवा. आईंना आमचा नमस्कार सांगा.